जंतूंचा हिशेब : छेदात काय धरायचं?

जंतू अँटिबायोटिकना किती दाद देत नाहीत, यावर नजर ठेवणारं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) एक जाळं आहे. 2013 पासून मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांतून हे जाळं आकडे गोळा करतं, आणि त्यातला एक झोप उडवणारा आहे : क्लेबसिएला न्यूमोनिए या जंतूचे इमिपेनेम या अँटिबायोटिकला दाद देणारे नमुने 2016 मध्ये 65 टक्के होते, 2021 मध्ये 43 टक्के. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हाती येण्याआधी कोणतं औषध सुरू करावं, हे डॉक्टर अशा टक्केवारीवरून ठरवू शकतात. पण आयसीयूत दाखल झालेल्या माणसाला हा जंतू तिथेच चिकटण्याचा धोका वाढला की घटला, हे तिच्यातून कळत नाही, कारण तिच्या छेदात जंतू आहेत, रुग्ण नाहीत. तो धोका कळायचा तर छेदात रुग्णदिवस हवेत, किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) लावलेले दिवस. सिस्टरने रोज ठरल्या वेळी किती रुग्णांना लाइन आहे ते मोजायचं, तक्त्यात आकडा भरायचा, महिनाअखेर बेरीज करायची. मग दर हजार लाइन-दिवसांमागे किती रक्तसंसर्ग झाले ते निघतं. काम कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते निगराणीचा कणा तेच आहे.

अशा मोजणीने काय साधतं, हे इंग्लंडमध्ये दिसलं. एप्रिल 2001 पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांना एमआरएसए या मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या प्रत्येक रक्तसंसर्गाची नोंद सक्तीची झाली, आकडे रुग्णालयांच्या नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले, आणि 2004 मध्ये सरकारने ते 2008 पर्यंत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. 2003-04 मध्ये सुमारे 7,700 असलेले संसर्ग 2008-09 मध्ये 3,000 च्या आत आले. हात स्वच्छ ठेवणं, लाइनची निगा, प्रत्येक संसर्गामागचं कारण शोधणं, अशा गोष्टी नेटाने झाल्या. यावर काहींचं म्हणणं असं की एमआरएसएचे तिथले प्रमुख वाण तसेही ओसरत होते. त्यात तथ्य आहे, सगळं श्रेय मोजणीला देता येणार नाही. मात्र त्याच काळात ई. कोलाय या दुसऱ्या जंतूचे रक्तसंसर्ग वाढत राहिले, आणि त्यांची नोंद सक्तीची व्हायला 2011 उजाडलं. ते बरेचसे रुग्णालयाबाहेर सुरू होतात, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे. तरी लक्ष मोजलेल्या जंतूकडे गेलं, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडेही असे नावानिशी आकडे मागितले तर रुग्णालयं कल्चरच पाठवणार नाहीत, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आजही अनेक ठिकाणी कल्चरचा खर्च नातेवाइकांच्या खिशातून जातो. रक्त घेतलं जातं तेही अँटिबायोटिकचे दोन-चार डोस झाल्यावर, मग बाटलीत अनेकदा काही उगवत नाही आणि रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो. तो शून्य संसर्गाचा पुरावा धरला, तर सर्वांत निष्काळजी रुग्णालय सर्वांत स्वच्छ ठरेल. म्हणून संसर्गाच्या दराशेजारी दर हजार रुग्णदिवसांमागे किती कल्चर पाठवली, हाही आकडा छापलाच पाहिजे. दुसरा आक्षेप असा की अशा तुलनेत मोठ्या सरकारी रुग्णालयांवर अन्याय होईल. तिथे दुसरीकडून हाताबाहेर गेलेले रुग्ण येतात, हे खरंच आहे. त्यांच्या आयसीयूची तुलना तशाच आयसीयूशी आणि त्यांच्याच गेल्या वर्षाशी करावी; लाइन-दिवस मोजायला लागणारा माणूस मात्र त्यांना आधी द्यावा लागेल.