वेबसाईटच्या पट्टीतून मागचा फोटो दिसायला हवा? मग भोक रंगवू नका, कापा

बोरगाव : पोत्यावर नाव मारायचा पत्र्याचा छापा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पत्र्यात अक्षरं कापलेली असतात, वरून रंगाचा ब्रश फिरवला की रंग फक्त त्या कापातूनच खाली उतरतो. वेबसाईटवरही हल्ली असंच काम दिसतं. वर एका रंगाची पट्टी, तिच्यात संत्र्याच्या आकाराचं भोक, आणि त्यातून मागचा बागेचा फोटो दिसतो. पांढुर्णा-सौसर पट्ट्यातल्या कुणा व्यापाऱ्याने अशी वेबसाईट बनवून घेतली, तर काम पक्कं झालं की नुसतं भागवलं, हे त्याला कळायला हवं. पैसे त्याचेच जातात.

भागवलेलं काम कसं असतं?

पट्टीवर मागच्याच रंगाचा गोल काढतात. मागे एकच रंग असेल तर खपून जातं. फोटो टाकला की ठिगळ दिसतं. दुसरी पळवाट म्हणजे पट्टी, नाव, फोटो सगळं मिळून एकच जेपीजी चित्र. ते उघडायला जड, मोबाईलवर नाव बारीक होतं, आणि चित्रातलं नाव गुगलवर सापडेल याचा भरवसा नाही. शिवाय जेपीजीत पारदर्शकपणा नसतोच. तो 1996 मध्ये प्रमाण झालेल्या पीएनजीत असतो. त्यात प्रत्येक ठिपका किती झिरपता ठेवायचा, हे साधारणपणे 0 ते 255 या आकड्यांत ठरतं.

खरं भोक पाडायच्या पद्धती

यासाठी चित्र लागत नाही. पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतच सोय आहे.

पहिली, क्लिप-पाथ. ही कात्री समजा. कोपऱ्यांचे बिंदू टक्क्यांत दिले की पट्टी त्या आकारात कापली जाते आणि मोबाईलवर त्याच प्रमाणात लहान होते. मधोमध भोक हवं असेल तर बाहेरचा आणि आतला असे दोन्ही आकार देऊन 'इव्हन-ऑड' नियम लावायचा.

दुसरी, मास्क. हा आपला छापा. मास्कमध्ये जिथे काळं तिथे पट्टी राहते, जिथे पारदर्शक तिथे पट्टी गायब. कडा हळूहळू विरत जाणारं भोक यातच जमतं. क्रोममध्ये मास्क डिसेंबर 2023 च्या 120 व्या आवृत्तीपासून थेट चालतो. जुन्या मोबाईलसाठी 'वेबकिट' जोडलेली ओळही लिहावी लागते.

तिसरी, अक्षरांतून फोटो दाखवणं. यात बॅकग्राउंड-क्लिप 'टेक्स्ट'वर ठेवून अक्षरांचा रंग पारदर्शक करतात. नाव खरं मजकूर म्हणूनच राहतं. पण मराठीत इथे गोची होते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने कमी ठेवली, तर फोटो त्या चौकटीपुरताच भरतो आणि बाहेर आलेला भाग दिसतच नाही. 'पांढुर्णा' लिहा : वर अनुस्वार आणि रफार, खाली उकार. 'सौसर'च्या दोन मात्राही वरच. यातलं काही छाटलं गेलं तर गावाचं नावच चुकतं. उपाय सोपा आहे : ओळीची उंची वाढवा, वर-खाली थोडी जागा सोडा. मागे एक साधा रंगही द्या, म्हणजे नेटवर्क कमजोर असून फोटो उघडला नाही तरी नाव वाचता येईल.

बटण दबत नसेल तर?

क्लिप-पाथने कापलेल्या जागेतून बोट खालच्या बटणापर्यंत पोहोचतं. मास्कच्या भोकातून फक्त दिसतं, दाब वरची पट्टीच अडवते. खाली फोन नंबरचं बटण असेल तर गिऱ्हाईक दाबत बसेल आणि फोन लागणार नाही. त्यासाठी पट्टीवर 'पॉइंटर-इव्हेंट्स नन' लावावं लागतं. मात्र मग पट्टीवरचं स्वतःचं बटणही बंद पडतं, त्याला वेगळं चालू करावं लागतं.

पैसे देण्याआधी एवढं तपासा

मोबाईल आडवा करा, भोकाचा आकार बिघडतो का बघा. नावावर बोट दाबून धरा, अक्षरं कॉपी होतात का बघा. मात्रा, रफार, उकार पूर्ण आहेत का ते मोठं करून वाचा. भोकातलं बटण दाबून फोन लावून पहा. मागचा फोटो बदलायला सांगा. पट्टीला हात न लावता फोटो बदलला, तर भोक खरं आहे.

या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि ती करायला संगणक शिकलेलं असावं लागत नाही.