सायप्रसच्या किनाऱ्यावर कुठे थांबाल?

रात्रभर जाग आणि संगीत हवं असेल तर आग्नेयेचं अया नापा गाठा. तिथल्या निसी बीचवर उथळ पाण्यातून चालत समोरच्या बेटावर जाता येतं. लार्नाकाचा फिनिकुदेस किनारा भर शहरात आहे. हिवाळ्यात जवळच्या मिठाच्या तळ्यावर फ्लेमिंगो उतरतात. पण पाफोसच्या उत्तरेचं, आकामास द्वीपकल्पावरचं लारा चुकवू नकाच. उन्हाळ्यात हिरवी आणि लॉगरहेड कासवं इथे अंडी घालतात. घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवलेले दिसतात. अंड्यांना धक्का लागू नये म्हणून वाळूत छत्री रोवायला मनाई आहे; ती कटाक्षाने पाळा. रस्ता कच्चा आहे, पाणी सोबत घ्या. भाड्याची गाडी चालवणं आपल्याला सोपं, कारण वाहतूक डावीकडून चालते.