वीस का उरले?

लॅबमध्ये हल्ली एरर आली की मुलं ती वाचत नाहीत. कॉपी करून चॅटजीपीटीत टाकतात, आलेला कोड चिकटवतात, चालला की पुढचं प्रॅक्टिकल. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून ही सवय पक्की होत गेली.

परवा पायथनच्या तासाला एका विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम पाहत होतो. गुणांच्या यादीतून ४०पेक्षा कमी गुण काढून टाकायचे होते. यादी ३५, २०, ६०, ३८. तिने लूप लावला आणि कमी गुण दिसले की त्याच यादीतून रिमूव्ह. एरर आली नाही, पण उत्तरात ६०च्या जोडीला २० तसेच. चॅटजीपीटीने क्षणात नवी यादी बनवणारा कोड दिला. उत्तर बरोबर.

“मग आधी वीस का उरले?” ती गप्प. कारण कोडखालीच लिहिलेलं होतं, पण तिथवर नजर गेलीच नव्हती.

वहीत ड्राय रन करायला लावलं. एका रकान्यात इंडेक्स, दुसऱ्यात यादी. शून्यावर ३५, ते गेले. बाकीचे आकडे एकेक घर पुढे सरकले, २० शून्यावर आले. लूप मात्र एककडे गेला होता आणि तिथे आता ६० होते. पेन्सिल थांबली. “सर, वीसकडे त्याने पाहिलंच नाही!” हे तिचं तिने शोधलं होतं आणि शिकवणाऱ्याला याहून जास्त काही नको असतं.

म्हणून एआयवर बंदी घालावी, असं मला मुळीच वाटत नाही. मराठी माध्यमातून आलेला मुलगा पूर्वी इंडेंटेशन एरर म्हणजे काय हे वर्गात विचारायला बिचकायचा. आता तो मराठीत विचारतो, तेच तेच पुन्हा विचारतो, कुणी हसत नाही. हा लाभ फार मोठा आहे. हार्वर्डच्या सीएस५० अभ्यासक्रमात २०२३पासून एआयचं एक ‘बदक’ आहे. ते आयतं उत्तर देण्याऐवजी विद्यार्थ्याला उत्तराच्या दिशेने नेतं. तेच आपल्या मुलांनाही जमेल. “कोड देऊ नकोस, मला फक्त प्रश्न विचार,” एवढं आधी टाइप करायचं.

परीक्षकांनाही एक विनंती आहे. नुसत्या आउटपुटला गुण देणं आता थांबवा. मुलाला त्याच्याच कोडमधली एक ओळ बदलून द्या, आउटपुट काय येईल ते कागदावर काढायला सांगा आणि गुण त्याला द्या.