ऑलिव्हची बाटली आणि एचएमटीचा भात

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या पुतण्यानं काकाजींसाठी ऑलिव्ह तेलाची बाटली आणली. काकाजींना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अनशापोटी एक चमचा तेल, असा त्यांचा नेम सुरू झाला. दुपारचं ताट मात्र होतं तेच: एचएमटीच्या भाताची रास, वरण आणि तर्रीत बुडालेली वांग्याची भाजी. होळीपर्यंत बाटली संपली, साखर जिथल्या तिथं राहिली. “आपल्या अंगाले ते परदेशी तेल मानवत नाही जी,” काकाजींनी सांगून टाकलं. मला ते पटलं नाही. तेल कशासाठी आणि कसं खायचं, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ऑलिव्ह तेलाची कीर्ती खोटी नाही. स्पेनमध्ये ‘प्रेडिमेड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. 55 ते 80 वयाचे 7,447 लोक त्यात होते. एका गटाला ऑलिव्ह तेलासह भूमध्य समुद्राकाठचा आहार, दुसऱ्याला त्याच आहारासोबत अक्रोड-बदामासारखा सुकामेवा आणि तिसऱ्याला चरबी कमी करण्याचा सल्ला दिला होता. 2013 साली छापलेला हा अभ्यास गटवाटणीतल्या चुकांमुळे मागे घेतला गेला. फेरतपासणीनंतर 2018 मध्ये तो पुन्हा छापला, तेव्हाही हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाल्याचा मुख्य निष्कर्ष टिकला. सुरुवातीला मधुमेह नसलेल्या 3,541 जणांचा हिशेब 2014 साली वेगळा मांडला गेला. ऑलिव्ह तेलाच्या गटात नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतं.

त्या गटातल्या प्रत्येक कुटुंबाला आठवड्याला लिटरभर तेल फुकट मिळत होतं. ते कुणी चमच्यानं औषधासारखं प्यायलं नाही. त्यात कांदा, लसूण, टोमॅटो परतला गेला, कडधान्यं शिजली, भाज्यांवर ते ओतलं गेलं. लोणी आणि मांसातल्या चरबीची जागा त्यानं घेतली. काकाजींच्या ताटातून काहीच गेलं नाही; वर चमचाभर तेलाच्या कॅलरींची भर तेवढी पडली.

या तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं, साधारण 55 ते 83 टक्के. तूप-वनस्पती-पामतेलातली संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी अशी चरबी आली, की शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतं. शिवाय जेवणात तेल असलं की अन्न जठरातून सावकाश पुढं सरकतं. इटलीत नेपल्सच्या संशोधकांनी 2016 साली पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना रक्तात साखर झपाट्यानं वाढवणारं जेवण दिलं. तेच जेवण एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलासोबत घेतलं तेव्हा सुरुवातीची साखरेची उसळी लोण्यासोबतच्या जेवणापेक्षा कमी होती. भात खाणाऱ्या आपल्या मुलुखाला ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या माणसांवरचा पुरावाही आहे. दिल्लीत यकृतात चरबी साठलेल्या 93 पुरुषांवर सहा महिन्यांचा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. ऑलिव्ह किंवा कॅनोला तेल वापरणाऱ्यांची यकृतातली चरबी सोयाबीन-करडईच्या गटापेक्षा जास्त उतरली. मात्र त्यांना दिवसाला 20 ग्रॅमपेक्षा जास्त तेल खायला मुभा नव्हती. ही मर्यादा मला तेलाच्या नावाइतकीच मोलाची वाटते.

आता भाताकडे वळू, कारण आमच्या ब्रह्मपुरीत भात बाजूला ठेवून मधुमेहावर बोलताच येत नाही. पलीकडच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली पटेल-3 धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी जपलं, वर्षानुवर्षं निवडत नेलं. त्यातून निघालेल्या बारीक, मऊ, चवदार धानाला त्या काळच्या मनगटी घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांच्या धानानं झाडीपट्टीतल्या हजारो घरांना चार पैसे आणि चांगला घास दिला. मी स्वतः त्या भातावर वाढलो आहे, त्यामुळे त्याला दोष द्यायला जीभ उचलत नाही. अडचण धानात नाही, राईस मिलमधल्या पॉलिशमध्ये आहे आणि भाताच्या प्रमाणात आहे. दाणा मोत्यासारखा पांढरा करताना कोंडा निघून जातो. त्याच्यासोबत तंतू आणि जीवनसत्त्वं जातात. उरतो स्टार्च. दोन वेळा ताटभर पांढरा भात आणि सोबत भाजीचे दोन घास, असं जेवण असेल तर जगातलं कुठलंच तेल त्याला सावरू शकत नाही.

आणि तो निघून गेलेला कोंडा? त्यातच तेल आहे! राईस ब्रान तेलात ओलेइक आम्ल चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, शिवाय ओरायझॅनॉल हा घटक असतो. कोंड्यातल्या विकरामुळे तेल भराभर खवट होतं, म्हणून भरडल्यावर कोंडा लवकरच गरम करून टिकवावा लागतो. हे काम घरी होत नाही, कारखान्यातच होतं. राईस ब्रान आणि तीळ यांच्या मिश्र तेलाचा मधुमेहाच्या 300 रुग्णांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला आणि 2016 मध्ये छापला गेला. साखर आणि कोलेस्टेरॉल, दोन्ही उतरले. आठ आठवडे हा काळ लहान आहे. एवढ्या पुराव्यावर कुणी गोळी बंद करू नये.

शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या तेलातही ओलेइक आम्ल बऱ्यापैकी असतं. जवसाची गोष्ट निराळी. धान उभं असतानाच बांधीत उतेऱ्याला जवस टाकण्याची आपली जुनी रीत आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-3 चरबीचा असतो, पण ते तेल उष्णता सोसत नाही. तळायला ते वापरू नये. घाण्यावरून थोडं थोडं आणावं, वरून घ्यावं. जवसाची चटणी तर तंतूही देते. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल मला प्रिय आहे, जंगलातल्या घरांचा तो आधार आहे. पण ते थंडीत थिजतं, म्हणजे त्यात संपृक्त चरबी बरीच असते. त्याला ऑलिव्हच्या रांगेत बसवणं खरं होणार नाही.

ज्यांना ऑलिव्ह परवडतं, त्यांनी बाटलीवरचं नाव नीट वाचावं. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे फळ दाबून काढलेलं, आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत असलेलं तेल. घशाला हलका ठसका लावणारे गुणकारी घटक त्यातच टिकतात. ‘पोमेस’ म्हणजे चोथ्यातून रसायनानं काढून शुद्ध केलेलं. ‘लाइट’ या शब्दाचा संबंध रंगाशी आणि चवीशी आहे, कॅलरीशी नाही. कुठलंही तेल ग्रॅमला नऊ कॅलरी देतंच. आपल्याकडचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढं जातो, तेव्हा बाटली चुलीशेजारी किंवा खिडकीत ठेवली तर महागाचं तेल लवकर खराब होईल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या आहारलेखांत सहसा नसते. आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी खरी साखर लपवू शकते. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर थेट मोजून घ्यावी. आहार बदलल्यावर गोळी किंवा इन्सुलिनचा डोस आपल्या मनानं कमी करू नये, आणि भात एकदम तोडून तोच जुना डोसही चालू ठेवू नये. साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

उन्हाळ्यात हे सगळं काकूला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “मंग भात खावाच नाही का?” ती म्हणाली. खायचा, मी म्हटलं, पण आधी भाजी आणि वरण, मग भात; आणि तोही डावानं मोजून. तेल महिन्याचं एकदाच मोजून बरणीत भरायचं, माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास. काकूनं वांग्याची भाजी तेलाच्या दोन पळ्यांऐवजी एका पळीत करून पाहिली, सांभार, म्हणजे कोथिंबीर, जास्त घातला, जवसाची चटणी वाढली. यंदा धान निघाल्यावर दोन पोती वेगळी काढून, कमी पॉलिश करा असं सांगायला ती स्वतः राईस मिलवर जाणार आहे.