परवाना मुक्त, तरीही गाणे मुके का?

एखाद्या संगणकप्रणालीचा परवाना मुक्त आहे म्हणजे ती हवी तशी वापरावी, बदलावी आणि इतरांना द्यावी, असा सर्वसाधारण समज आहे. तो बव्हंशी खराही आहे. मात्र अनेक वर्षे लिनक्सच्या संगणकावर एमपी३ गाणे लावले की आवाज येत नसे. हे गाणे वाजवण्यासाठी लागणारा घटक उपलब्ध नाही, एवढी सूचना पडद्यावर उमटे. तो घटक लिहिणारे प्रोग्रामर होते आणि त्यांनी तो फुकट उपलब्धही करून दिला होता. अडचण कायद्याची होती आणि तिचे मूळ कॉपीराइट व पेटंट यांतील भेदात आहे.

पाककृतीच्या पुस्तकातील मजकूर उचलू नये, हे कॉपीराइट सांगतो. पेटंट पदार्थ करण्याची रीतच राखून ठेवते. ती रीत कोणी स्वतःच्या बुद्धीने शोधली आणि स्वतःच्या शब्दांत लिहिली, तरी पेटंटधारकाची परवानगी घ्यावीच लागते. मुक्तस्रोत परवाना देणारा प्रोग्रामर स्वतः लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क इतरांना देतो. तिसऱ्याच्या मालकीचे पेटंट त्याला कसे देता येणार?

एमपी३ ही ध्वनी आटोपशीर जागेत साठवण्याची पद्धत विकसित करण्यात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता. या पद्धतीच्या पेटंटांचे परवाने फ्रान्समधील थॉमसन कंपनीमार्फत दिले जात. गाणे वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीमागे ०.७५ डॉलर असा दर होता. रक्कम क्षुल्लक वाटते. पण जी वस्तू फुकट वाटली जाते आणि जिच्या प्रती किती झाल्या हे कोणीच मोजत नाही, तिच्यासाठी हा हिशेब करणेच अशक्य होते. त्यामुळे रेड हॅट कंपनीने २००२ मध्ये आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून एमपी३ वाजवण्याची सोय काढून टाकली.

पैसे भरूनही पेच सुटत नव्हता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतील सातवे कलम असे, की सॉफ्टवेअर घेणाऱ्याला ते पुढे मुक्तपणे वाटता येणार नसेल, तर तुम्हालाही ते वाटता येणार नाही. एखाद्या कंपनीने केवळ आपल्या ग्राहकांपुरती रॉयल्टी भरली, तर ग्राहकाने काढलेल्या पुढच्या प्रतीला पेटंटची परवानगी उरत नाही आणि या कलमाचा भंग होतो.

म्हणून मधला मार्ग निघाला. जीस्ट्रीमर या ध्वनी-चित्र प्रणालीने आपले घटक 'गुड', 'बॅड' आणि 'अग्ली' अशा गटांत विभागले. दर्जा उत्तम, पण वाटपात परवान्याची वा पेटंटची अडचण संभवते, असे घटक 'अग्ली' गटात गेले. बार्सिलोनाच्या फ्लुएंडो कंपनीने पेटंटचा परवाना स्वतः मिळवून एमपी३चा तयार घटक विनामूल्य दिला. उबुंटूने बाहेरचे घटक घ्यायचे की नाही, हा निर्णय प्रणाली बसवणाऱ्यावर सोपवला.

आता हा प्रश्न आपल्या बाजारपेठेत आणून पाहू. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खान्देशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. समजा, त्यांतल्या एका तरुणाने २०१० साली जुने संगणक दुरुस्त करून, त्यांत लिनक्स बसवून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. ग्राहकाला अभंग आणि अहिराणी गाणी ऐकायची आहेत, म्हणून एमपी३चा घटकही त्याने आधीच घालून दिला. त्याने कायदा मोडला काय?

पेटंट ज्या देशात दिलेले असते, त्या देशापुरतेच चालते. केवळ अमेरिकेत असलेले पेटंट सुरतमधील विक्रीला लागू होत नाही. तोच संगणक अमेरिकेत पाठवला, तर मात्र लागू होते. शिवाय भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ संगणक प्रोग्राम' यांना पेटंट मिळत नाही. २००४ च्या अखेरीस काढलेल्या वटहुकमाने हे कलम सैल केले होते. उद्योगातील तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी सांगड असलेल्या प्रोग्रामला त्यातून वाट मिळाली असती. संसदेने २००५ च्या दुरुस्ती कायद्यात तो बदल स्वीकारला नाही.

तरीही कलम ३(के) म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. 'निव्वळ' या एका शब्दावर बरेच काही अवलंबून आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये फिलिप्स कंपनीच्या डीव्हीडी प्लेअरविषयीच्या दाव्यांत दिलेला निकाल या संदर्भात बोलका आहे. तबकडीवरून वाचलेल्या संकेतांचे पुन्हा माहितीत रूपांतर करणाऱ्या साधनावर फिलिप्सचे भारतीय पेटंट होते. भारतात प्लेअर जुळवून विकणाऱ्या प्रतिवादींनी त्याचा भंग केल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि २७ मे २०१० पर्यंत प्रत्येक यंत्रामागे ३.१७५ डॉलर, त्यानंतर १.९० डॉलर असा रॉयल्टीचा दर धरला. हे पेटंट फेब्रुवारी २०१५ मध्ये संपले होते; म्हणजे निकाल लागला तेव्हा पेटंट उरलेले नव्हते, पण मागची थकबाकी उरली होती. मोफत सॉफ्टवेअर देणाऱ्यापेक्षा ते यंत्रात घालून विकणाऱ्याने अधिक सावध का असावे, हे यातून कळते.

एमपी३पुरता हा वाद काळानेच मिटवला. पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षांची असते. फेडोरा या लिनक्स प्रणालीने नोव्हेंबर २०१६ मध्ये एमपी३ वाजवण्याची सोय दिली आणि एप्रिल २०१७ मध्ये परवाने देण्याची योजनाच बंद झाली. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये एमपी३ तयार करणारा लेम हा घटक पूर्वी वेगळा आणून बसवावा लागे. २०१९ पासून तो सोबतच मिळतो. एएसीसारख्या नंतरच्या पद्धतींबाबत मात्र पेटंट परवान्यांची व्यवस्था चालूच राहिली. एएसीसाठी फ्राउनहोफरने खुल्या केलेल्या एका सॉफ्टवेअरच्या परवान्यात तर पेटंटचा हक्क यासोबत दिलेला नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.

पर्याय नाहीत असे नाही. ऑग व्हॉर्बिस आणि २०१२ मध्ये इंटरनेटचे मानक ठरलेली ओपस या पद्धती रॉयल्टीविना वापरता येतात. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठी, गुजरातीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केलेले पाठ ऑग कुळातील स्वरूपातच दिले आणि त्यांचा मजकूरही मुक्त परवान्याखाली ठेवला.

आपल्या राज्यातील शाळा, ग्रंथालये, भजनी मंडळे आणि कलासंस्था ध्वनिमुद्रणे साठवत असतात. मूळ ध्वनिमुद्रण फ्लॅकसारख्या मुक्त आणि आवाजाचा अंशही न गमावणाऱ्या स्वरूपात राखावे. वितरणासाठी ओपस किंवा आता बंधमुक्त झालेले एमपी३ वापरावे. यंत्रे विकत घेताना वा विकताना सॉफ्टवेअरचा परवाना कोणता आणि त्यातील पद्धतींवर चालू पेटंट आहे काय, असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर समाधानकारक मिळाले म्हणून दुसरा सोडून देऊ नये.