गृहबलिभुज् : पक्षी व मनुष्यवस्ती यांच्या संबंधाचीं कांहीं साधनें

वन्य पक्षी मनुष्याच्या वस्तीजवळ केव्हां व कां राहूं लागले, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा समजून इतिहाससंशोधक त्याकडे सहसा पाहत नाहींत. तथापि त्याचीं कांहीं साधनें आमच्याच कोशांत व शिलालेखांत पडून आहेत. तीं अलीकडील शोधांशीं ताडून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अमरकोशांत कावळ्यास बलिपुष्ट व बलिभुक् अशीं नांवें आहेत. गृहस्थानें घराबाहेर ठेवलेल्या बलीवर जगणारा, असा त्यांचा अर्थ. म्हणजे येथें नांव रंगावरून किंवा आवाजावरून पडलें नसून मनुष्याशीं असलेल्या व्यवहारावरून पडलें आहे. कोकिळास मात्र तोच कोश वनप्रिय म्हणतो. शिवाय कावळा परभृत् आणि कोकिळ परभृत. एक दुसऱ्यास पोसणारा, एक दुसऱ्याकडून पोसला गेलेला. कोकिळा कावळ्याच्या घरट्यांत अंडीं घालते, हें सारें निरीक्षण अंत्य वर्णाच्या भेदांत सांठविलें आहे! मेघदूतांत दशार्ण देशाच्या वर्णनांत गृहबलिभुज् हा शब्द आला असून मल्लिनाथानें त्याचा अर्थ काकादि ग्रामपक्षी असा केला आहे. हे पक्षी गांवच्या पूज्य वृक्षांवर घरटीं बांधीत आहेत, असें तें वर्णन आहे.

याहून जुना पुरावा अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखाचा. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर त्यानें ज्या प्राण्यांना अवध्य ठरविलें, त्यांत शुक, सारिका, हंस यांच्याबरोबर श्वेतकपोत व ग्रामकपोत हे निरनिराळे सांगितले आहेत. गांवचें कबूतर ही स्वतंत्र जात राजाज्ञेंत यावी, इतका तो सहवास तेव्हांच रूढ झाला होता.

चिमणीचा पुरावा तर तिच्या शरीरांतच मिळाला आहे. मध्य आशियांत चिमणीची एक उपजाति अद्यापि मनुष्यावाचून, गवताळ रानांत राहते. आमच्या घरांतील चिमणी व ती यांची आनुवंशिक तुलना २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. घरच्या चिमणींत पिष्टमय अन्न पचविण्याशीं व कवटीच्या घडणीशीं संबंध असलेले भाग बदललेले आढळले. हा बदल शेतीच्या उदयाशीं जुळतो, असें संशोधकांचें मत आहे. धान्य पेरणाऱ्या मनुष्याबरोबर चिमणीही बदलली.

आतां आमच्या गारगोटीकडे वळूं. वेदगंगेच्या या खोऱ्यांतील जुन्या घरांना कौलें, वळचण व मातीच्या भिंतींतले कोनाडे असत. चिमणीला घरटें करण्यास तेवढें पुरे. सिमेंटच्या सपाट छपरांत ती सोय नाहीं. यावरून चिमण्या नामशेष झाल्या असें लिहिण्याची जी चाल पडली आहे, ती मात्र आम्हांस मान्य नाहीं. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयींच्या २०२० च्या अहवालांत देशभर चिमण्यांची संख्या साधारण स्थिर असून मोठ्या शहरांत ती घटली, असें म्हटलें आहे.

खरा घात गिधाडांचा झाला. गांवाबाहेर टाकलेल्या ढोरांवर जगणारा तोही एका अर्थानें वस्तीवर पोसलेलाच पक्षी. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ ते २००७ या काळांत देशांत शेकडा ९९.९ नें घटलीं. जनावरांना दिलेलें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक मांसावाटे गिधाडांच्या पोटांत जाऊन मूत्रपिंडें निकामी करतें, हें २००४ सालीं सिद्ध झालें व २००६ सालीं पशुवैद्यकांत त्यास बंदी झाली. घटीचा आकडा हातीं आला तो ठराविक रस्त्यांवरून पुनःपुन्हा केलेल्या मोजणीमुळें.

अशा कामास मोठीं साधनें लागतात असें नाहीं. सालिम अली यांनीं १९३० सालीं कुलाबा जिल्ह्यांत किहीम येथें सुगरणीचीं घरटीं नुसत्या डोळ्यांनीं न्याहाळून ठरविलें कीं, घरटें नर विणतो, मादी तें पसंत करून त्यांत राहते आणि मग तो नर दुसऱ्या मादीसाठीं दुसरें विणावयास घेतो. गारगोटीच्या आसपास विहिरींवरील बाभळींना लोंबणारीं घरटीं शाळेंतल्या मुलांनींही मोजावीं. तिथि, स्थळ व संख्या टिपावी. मनुष्य किती पावलांवर आला असतां पक्षी उडतो तें पावलें मोजून लिहावें. आणि चिमणीच्या बाबतींत कौलारू घरांची वही निराळी, सिमेंटच्या घरांची निराळी ठेवावी.