तापीच्या सासरी चार दिवस

आमच्या पुरुषोत्तमनगरचा मे महिना कसा असतो ते इथे राहिल्यावाचून कळायचे नाही. गळिताचा हंगाम संपून साखर कारखान्याचे धुराडे थंड पडलेले असते, मळीचा वास तेवढा हवेत रेंगाळतो, आणि पारा ४३-४४ अंशांवर ठाण मांडून बसतो. कॉलनीतले कुत्रेदेखील नळाखालची ओल सोडून हलत नाही. अशा वेळी शहाण्या माणसाने तोरणमाळ गाठावे. पण ते दोनदा पाहून झालेले. मग महाबळेश्वर लांब आणि मुंबई महाग. शेवटी मी "सुरत" म्हणालो, तेव्हा सौ.ने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"अगं, तिथे नदीकाठी चांगले हॉटेल आहे. खोलीच्या खिडकीतून तापी दिसते म्हणे."

माय कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "कोणती तापी? आपली?"

आपलीच. मुलताईला उगम पावून सातशेचोवीस किलोमीटर चालणारी सूर्यकन्या तापी आमच्या सारंगखेड्यावरून, प्रकाशावरून पुढे जाते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. मायने अठ्ठ्याहत्तर वर्षे तिच्या काठी काढली, पण ती जाते कुठे ते पाहिले नव्हते. "मुलताई माहेर, तर सुरत सासरच म्हणायचे. चला, बघून येऊ," असे तिने जाहीर केले आणि बेत पक्का झाला.

एकच अडचण होती. आमच्या भागातल्या माणसाचे सुरतेत कोणी नाही असे सहसा होत नाही. लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत खानदेशचा अर्धा मुलूख नांदतो आहे. यंत्रमाग, रंगाई, बाजारपेठ, जिथे हाताला काम मिळाले तिथे आमची माणसे गेली. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, दुकानांतून कळण्याचे पीठ मिळते. माझा चुलतभाऊ लिंबायतेत राहतो. बाहत्तरच्या दुष्काळात काकांच्या बोटाला धरून गेला, तो मागावरच म्हातारा झाला. आता गावात सख्खा चुलतभाऊ असताना पैसे मोजून हॉटेलात उतरायचे! आमच्याकडे हा गुन्हा चोरीच्या खालोखाल समजला जातो. त्याच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसे, हे आमचे समर्थन. दोन दिवस गुपचूप राहावे, तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन भेटायला जावे आणि "आजच आलो" म्हणावे, असे नवराबायकोचे ठरले. मायला सांगायचे मात्र राहून गेले.

नंदुरबारहून गाडीत बसलो. नवापूर स्टेशन आले तशी मुले खाली उडी मारून पळाली. या स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते, आणि फलाटावरच्या एका बाकाचे अर्धे अंग एका राज्यात, अर्धे दुसऱ्यात आहे. १ मे १९६० ला मुंबई राज्याची वाटणी झाली, त्याची ही जिवंत खूण. धाकट्याने बाकावर मधोमध बसून घेतले आणि उठायला तयार होईना. पुढे उकाई-सोनगढ लागले. इथेच १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाने तापी अडवली आहे.

हॉटेल खरोखरच छान होते. अठवा भागात, अंबिका निकेतनच्या देवळापासून जवळ. खिडकीत उभे राहिले की खाली नदीचे पात्र. पण पहिल्या दुपारी पाहतो तो पाणी बाजूला आणि चिखलच चिखल! पैसे फुकट गेले असे वाटले. संध्याकाळी चहा घेताना मोठी मुलगी ओरडली, "बाबा, नदी उलटी वाहते आहे!"

मी हसलो आणि उठून पाहिले. खरेच, जलपर्णीचा एक झुबका समुद्राकडून शहराकडे, म्हणजे आमच्या गावाच्या दिशेने चालला होता. ही भरती. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या मोठ्या भरत्यांत मोडते. ती रोज दोनदा तापीत शिरते आणि वर सिंगणपूरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. हा बंधारा १९९५ मध्ये बांधला, त्यामुळे खारे पाणी खाली अडते आणि वर शहराच्या पिण्याचे गोडे पाणी साठते. वेटरने हे सारे मोठ्या ऐटीत समजावले. मायला मात्र दुसरेच पटले. "सासरी किती सुख असले तरी दिवसातून दोनदा माहेरची आठवण येणारच की!"

आणि त्याच आनंदात तिने रात्री माझा फोन घेऊन लिंबायतला लावला.

सकाळी साडेसातला दार वाजले. भाऊ, वहिनी आणि चार कप्प्यांचा डबा.

"हॉटेलमा कसाले उतरनात? आमनं घर पडी गयं का?"

मी आईच्या गुडघ्यांचे, मुलांच्या परीक्षेचे, असे काहीतरी बडबडलो. वहिनींनी डबा उघडला, शेवभाजीचा वास खोलीभर पसरला, आणि प्रकरण मिटले असे मला वाटले. विषय बदलावा म्हणून म्हणालो, "भाऊ, इकडे ये, नदी बघ कशी दिसते."

तो आला नाही. खिडकीकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसला. "ती मी बघितली आहे," एवढेच म्हणाला.

वहिनींनी सांगितले. ऑगस्ट २००६ मध्ये ते वेड रोडला, नदीच्या बाजूला राहत होते. राखी पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. उकाई तुडुंब भरले आणि सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. त्यात पौर्णिमेजवळची मोठी भरती, म्हणजे खालून समुद्र दार लावून बसलेला. पाणी जाणार कुठे? सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. यांनी तीन रात्री गच्चीवर काढल्या. खाली घरात शिलाईचे यंत्र, धान्य, मुलांची पुस्तके, काकांचा एकुलता एक फोटो. चिखल ओसरल्यावर फोटोची नुसती काच सापडली.

मी गप्प राहिलो, कारण ते दिवस मलाही आठवत होते. सबंध कॉलनी तेव्हा प्रकाशाच्या पुलाकडे पूर पाहायला गेली होती. आम्हीही गेलो. वहात आलेली झाडे मोजली, गाडीवरची गरम भजी खाल्ली. "यंदा तापीमायने रूप दाखवले," असे म्हणत घरी आलो. तेच पाणी पुढे उकाईत गेले. त्याच्याशी हे मी आजवर बोललो नव्हतो. त्या दिवशीही बोललो नाही.

सुरत पाहिली ती भाऊच्याच सोबतीने. सोळाव्या शतकातला किल्ला नदीला लागून आहे. १६६४ साली महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता, हे धाकट्याने तिकीट तपासणाऱ्यालाही ऐकवले. इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन पाच वर्षांनी इथेच मेला. त्याच्या कबरीवरचा घुमट इतका थोरला, की सौ. म्हणाली, "व्यापारी होता की बादशहा?" दुपारचा थंड कोको मुलांनी तीन-तीन ग्लास प्यायला. डुमसची काळी वाळू आणि टोमॅटोची भजी हेही झाले. भजी मी खाल्ली नाहीत. कोणी विचारले नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मायने ओटी भरायचा हट्ट धरला. नानपुऱ्याच्या ओवाऱ्यावर गेलो. इकडे घाटाला ओवारा म्हणतात. तिने पानाच्या द्रोणात फुले, हळदकुंकू आणि गावाहून पदराला बांधून आणलेले तांदूळ ठेवले. भाऊ वरच्या पायरीवर उभा होता. मायने हाक मारली, "ये रे, माझा पाय घसरेल." तिचा पाय घसरत नव्हता. तो उतरला, तिचा दंड धरला, आणि पाणी त्याच्या घोट्यांना लागले. भरती सुरू झाली होती. द्रोण जरा घुटमळला आणि वरच्या अंगाला निघाला. तो पुलाखाली दिसेनासा होईतो भाऊ पाहत राहिला.

"बंधाऱ्यापाशी अडेल," तो म्हणाला.

"अडू दे," माय म्हणाली. "आज तुझ्याकडे निजायचे."

हॉटेलचे पैसे त्या रात्रीचेही भरलेले होते. आम्ही लिंबायतेत गच्चीवर अकरा माणसे ओळीने झोपलो. वारा नव्हता, डास होते, आणि भाऊ व मी दोन वाजेपर्यंत बोलत होतो. प्रकाशाच्या पुलावरची गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भजी कांद्याची होती का?"

सकाळी सामान आणायला हॉटेलात गेलो, तर चादरीची घडीही मोडलेली नव्हती. खोली आवरणारा पोरगा काळजीने म्हणाला, "साहेब, रूम पसंत नाही पडली काय? नदीच्या बाजूची दिली होती."

मी म्हणालो, "नाही रे. नातेवाईक निघाले."